हरभऱ्याएवढी टोपी

कमलाकांत तामोरेला वस्तू सांभाळता येत नसत. त्याच्या बायकोला, वत्सलाला, हे लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात कळून चुकलं. छत्र्या गेल्या, पेनाची टोपणं गेली, आणि एकदा तर तिच्या माहेराहून दिलेली पापलेटांची टोपली तो केळव्याहून येणाऱ्या एस.टी.त बाकाखाली विसरून आला. त्या दिवशी घरात नुसता भात आणि लोणचं झालं. पण माणूस असा की त्याच्यावर रागावून बसणं जमू नये. टोपली हरवली म्हणून तोच इतका कष्टी झाला की शेवटी वत्सलालाच त्याची समजूत काढावी लागली.

दोघंही पालघरजवळच्या केळवे-माहीमची, मासेमारी करणाऱ्या मांगेल्यांच्या घरातली. कमलाकांतच्या घरी होडी होती, पण खाडीच्या तोंडाशी पोचेपर्यंत त्याला ओकाऱ्या सुरू व्हायच्या. बापाने चार वर्षं वाट पाहिली आणि मग त्याला मुंबईला एका स्टुडिओत कामाला लावून दिलं. दहा वर्षांनी तो परत आला तो गळ्यात एक जुना जर्मन कॅमेरा घालून. पालघर स्टेशनच्या रस्त्यावर त्याने दोन खोल्या घेतल्या. पुढच्या खोलीत स्टुडिओ, मागच्या खोलीत संसार, आणि मधल्या बोळात काळा पडदा लावून फोटो धुवायची अंधारी जागा. वत्सला सातवीपर्यंत शिकलेली, हाताची बारीक. छापून आलेल्या फोटोंवर पांढरे ठिपके राहत, ते शाईने भरायचं काम तिने हळूहळू आपल्याकडे घेतलं. एका केसाच्या टोकाएवढा कुंचला धरून ती बसली की कमलाकांत म्हणायचा, “तुझा हात हलत कसा नाही गं?”

“लहानपणापासून जाळी विणलीत,” ती म्हणायची. “एक घर चुकलं तर बा सगळं उसवायला लावायचा.”

त्या कॅमेऱ्याच्या अंगाला, भिंगाच्या जरा खाली, फ्लॅशची वायर खुपसायला एक बारीक भोक होतं. कमलाकांत त्याला सॉकेट म्हणे. त्यावर आट्यांनी बसणारी एक चकचकीत टोपी होती, हरभऱ्याच्या दाण्याएवढी. फ्लॅश लावायचा झाला की ती फिरवून काढायची, काम संपलं की परत बसवायची. मधल्या वेळात ती कमलाकांतच्या सदऱ्याच्या खिशात राही. सदऱ्याच्या खिशात सुपारीही राही. तेव्हा ती टोपी कधी आणि कुठे गेली हे सांगायला नकोच. १९६३ सालच्या दिवाळीत ती होती, संक्रांतीला नव्हती. मुंबईच्या दुकानदाराला पत्र टाकलं तर उत्तर आलं की असली टोपी सुटी मिळत नाही.

“नसली तर नसली,” कमलाकांत म्हणाला. “शोभेची वस्तू ती. फोटो काय टोपीतून निघतो?”

वत्सलालाही ते पटलं.

पुढे वैशाखात माहीमला तिच्या चुलतभावाचं, शिवाजीचं लग्न निघालं. शिवाजी म्हणजे सोजराकाकीचा एकुलता एक मुलगा. काका समुद्रावरून परत आला नव्हता त्याला बारा वर्षं झाली होती, आणि काकीने डोक्यावर मासळीची पाटी वाहून पोराला वाढवलं होतं. आळीत आजवर कुणाच्या लग्नाचे फोटो निघाले नव्हते. काकीने स्वतः पालघरला येऊन जावयाला आवतण दिलं होतं. “सगळ्यांना सांगितलंय मी,” ती म्हणाली होती. “माझ्या शिवाजीच्या लग्नाचं छापून येणार हाय.”

गोरज मुहूर्त होता. मांडवात दोन बत्त्या होत्या, पण उजेड कमीच. अक्षता पडल्या, कमलाकांतने बटण दाबलं. फ्लॅश पेटला नाही. त्याने बल्ब बदलला, परत दाबलं. नाही. वायर काढून परत खुपसली, तर बटण न दाबताच बल्ब फाडकन पेटला तो समोर उभ्या काकीच्या डोळ्यांत. ती दचकून मागे सरली आणि हातातलं ताट पालथं झालं. पोरं हसली. कमलाकांतचा घाम गळून कॅमेऱ्यावर पडू लागला. त्याने सहा बल्ब घालवले. वाजंत्री थांबले, मग परत वाजवायला लागले, आणि माणसं पंगतीकडे वळली. बत्तीच्या उजेडात त्याने जे काही काढलं ते धुतल्यावर सगळं काळं निघालं. एका फोटोत तेवढा नवरीच्या हातातला चुडा अंधारात चमकताना दिसत होता.

चौथ्या दिवशी वत्सला एकटीच काकीकडे सांगायला गेली. काकी ओट्यावर बोंबील निवडत होती. तिने ऐकून घेतलं, मान वर केली नाही.

“एकच पोर हाय माझं,” ती म्हणाली. “दुसरं लगीन करू काय त्याचं, तुमच्यासाठी?”

 शिवाजीची नवी बायको, सोमी, पाणी घेऊन बाहेर आली. काकीने हाताने तिला आत जायची खूण केली. पाणी न पिताच वत्सला परतली, आणि पुढे वर्षभर काकीच्या ओट्याकडे तिचे पाय वळले नाहीत.

कमलाकांतने फ्लॅशचं काम सोडलं. घरातल्या लग्नाचं, संध्याकाळच्या बारशाचं कुणी बोलावणं घेऊन आलं की तो म्हणे, “दुसऱ्या कुणाला बघा.” जेवताना बोलेनासा झाला. त्याचं हे गप्प बसणं वत्सलाला टोपल्या हरवण्यापेक्षा जड जात होतं. एका दुपारी तो झोपलेला असताना तिने कॅमेरा खिडकीपाशी नेला आणि फोटो तपासायचं भिंग डोळ्याला लावून त्या भोकात पाहिलं. आत हिरवं दिसलं. तांब्याच्या भांड्यात ताक राहिलं की चढतो तसला हिरवा थर. माहीमच्या, सातपाटीच्या खाऱ्या वाऱ्यात तो कॅमेरा महिने न् महिने उघड्या भोकाने हिंडला होता.

तिने बांबूची एक काडी तासून सुईसारखी केली, टोकाला कापसाचा एक तंतू गुंडाळला, ते टोक स्पिरिटमध्ये बुडवलं आणि आत फिरवलं. कापूस हिरवा निघाला. दुसरा घेतला, तोही हिरवा. चार वाजेपर्यंत ती तेच करत बसली. शेवटचा कापूस पांढरा निघाला तेव्हा तिने नवऱ्याला हलवून उठवलं.

“अहो, बल्ब आहे का एखादा?”

“कशाला?”

“असला तर लावा.”

त्याने नाइलाजाने वायर खुपसली, बटण दाबलं. मागच्या खोलीची भिंत लख्ख उजळली. कमलाकांत खाली बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

“मला वाटलं, माझाच हात वाईट आहे,” तो म्हणाला.

“हात नाही. तुमचा खिसा वाईट आहे,” वत्सला म्हणाली. फार दिवसांनी तो हसला.

आता टोपी हवी होती. वत्सलाने आधी आपल्या कानातल्या कुडीची फिरकी लावून पाहिली, आटे जुळेनात. मेण लावलं, ते उन्हात वितळून आत जायला बघत होतं. बुचाचा तुकडा कोरून घातला, तो भुगा होऊन आतच राहिला आणि तो काढण्यात सकाळ गेली. नंतर एकदा सायकलवरून बोईसरला गेली असताना चाकाची हवा गेली आणि दोघं चंद्रभानच्या दुकानात थांबली. चंद्रभान उत्तर प्रदेशातून आलेला सायकलवाला. त्याने चाकात हवा भरायच्या वॉलवरची जुनी रबरी नळी ओढून काढली आणि जमिनीवर टाकली. वत्सलाने ती उचलली, बोटांत फिरवली. उदबत्तीपेक्षा जराशी जाड, आतून पोकळ.

“ही नवी मिळेल?” तिने विचारलं.

“भाभी, वॉलट्यूब से क्या करोगी? खाना पकाओगी?” चंद्रभान म्हणाला, पण वीतभर नवी नळी कापून दिली.

घरी येऊन तिने नखाएवढा तुकडा कापला, एक तोंड दोऱ्याने आवळून बंद केलं आणि दुसरं तोंड भोकाच्या गोल कडेवर ताणून बसवलं. घट्ट बसलं. तिने तोंडाने फुंकर मारून पाहिली, वर पाण्याचे थेंब टाकून पाहिले. आत कोरडं.

पण त्या टोप्या कमलाकांतच्याच खिशात जायच्या. महिन्याभरात अकरा टोप्या गेल्या. वत्सला एक करायची आणि दोन-तीन दिवसांत तो ती हरवायचा. एकदा दोघं चहाच्या दुकानात बसून सगळे खिसे उलटे करत होती, आणि टोपी सापडली ती बशीत, चहात भिजलेली.

पावसाळा सरता सरता तिचा बाप, जानू, सुके बोंबील घेऊन माहीमहून आला. सत्तरीचा म्हातारा, होडीवर जाणं सुटलेलं, पण दिवसभर हातात जाळं असायचंच. पोरगी रबराच्या तुकड्यांशी काय खेळत बसलीय म्हणून तो जवळ येऊन बसला. तिने सगळं सांगितलं.

“मंग बांधत का नाय?” तो म्हणाला. “जाळ्याला तरंगायला बोया बांधतोच ना? समिंदरात सुटी वस्तू ऱ्हाते काय?”

“बांधून पाहिली, बा. सुती दोरा कुजतो. नायलॉनची गाठ सुटते.”

त्या वर्षी गावात नायलॉनची जाळी नुकतीच आली होती आणि म्हाताऱ्याचा तिच्यावर रागही होता. पण त्याने पिशवीतून एक पारदर्शक दोरा काढला. “सुताची गाठ याला लागत नाय. ह्ये गुळगुळीत हाय, निसटतं. दोनदा फिरव. असं. आता थुंकी लाव आनि ओढ.” त्याच्या जाड, चिरा पडलेल्या बोटांखाली तो दोरा दिसतही नव्हता. वत्सलाने त्याच दोऱ्याने टोपीचं तोंड आवळलं, टोक लांब ठेवलं आणि कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीत ओवून तशीच गाठ मारली. टोपी काढली की ती बोटभर दोऱ्यावर लोंबत राही.

कमलाकांतने ती काढून पाहिली, सोडून दिली, कॅमेरा हलवला, उलटा केला. टोपी लोंबत होती.

“सासऱ्यांनी मलाच बांधून टाकलं,” तो म्हणाला.

ही बातमी जानूनेच माहीमला नेली. उन्हाळ्यात त्याच्या हाती सोमीचा निरोप आला. तिला मुलगी झाली होती, आता तीन महिन्यांची. लग्नाचं लुगडं तिने अजून जपून ठेवलं होतं. फोटो काढायला याल काय, असं विचारलं होतं. सासूला सांगितलेलं नाही, असंही निरोपात होतं.

कमलाकांत तयार होईना. वत्सला म्हणाली, “मी जाते. तुम्ही नुसते बरोबर या.”

दोघं पोचली तेव्हा काकी नातीला मांडीवर घेऊन दारातच बसली होती. तिने त्यांना पाहिलं, वाटेतून पाय आखडून घेतले, एवढंच. आत सोमी लग्नाचं लुगडं नेसून, मुंडावळ्या बांधून बसलेली. शिवाजी त्याच कोटात, आता जरा घट्ट झालेल्या. खिडकी लहान, खोलीत उजेड नव्हता. कमलाकांतने वायर खुपसली, कॅमेरा डोळ्याला लावला, आणि परत खाली घेतला. त्याने तो वत्सलापुढे धरला.

“तूच दाब,” तो हळूच म्हणाला.

वत्सलाने आजवर एकही फोटो काढलेला नव्हता. तिने कॅमेरा घेतला. हात हलला नाही. लख्ख उजेड पडला, परत पडला, तिसऱ्यांदा पडला. तिसऱ्या उजेडाला बाहेर काकीच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. काकी उठली, बाळाला घेऊन खोलीच्या दारात आली आणि आपल्या लेकाकडे आणि सुनेकडे पाहू लागली.

“पोरीला बाहेर ठेवून कसलं लगीन काढता?” ती म्हणाली. “हिला घ्या मधी.”

“तू पण ये, काकी,” वत्सला म्हणाली.

“मी कशाला? माझं लुगडं बघ.”

“ये गं.”

काकी आली. पदर सावरून लेकाच्या शेजारी उभी राहिली. फोटो झाल्यावर वत्सला वायर काढून टोपी बसवू लागली, तशी काकी वाकून बघायला लागली. “यो लटकन कसला?”

“त्या दिवशी ही नव्हती, म्हनून झालं सगळं, काकी. टोपी हाय. खारा वारा आत जाऊ नये म्हनून.”

काकीने ती टोपी दोन बोटांत धरली, दोरा ओढून पाहिला, गाठ निरखली. “जानूभावजीची गाठ,” ती म्हणाली. मग वत्सलाकडे न बघताच बोलली, “जेवून जा. कोलंबी हाय.”

त्यानंतर वत्सलाचं नाव फोटोवाल्यांत झालं ते टोप्यांमुळे. किनाऱ्यावरच्या सगळ्याच फोटोवाल्यांच्या टोप्या हरवत होत्या आणि सगळ्यांचेच कॅमेरे आतून हिरवे होत होते. फक्त कुणी तसं बोलत नव्हतं. डहाणूचा एक आला, वसईचा आला. बोईसरच्या पुढे समुद्राकाठी विजेच्या मोठ्या केंद्राचं काम चालू झालं होतं, तिथे फोटो घ्यायला मुंबईहून येणाऱ्या एका साहेबाने तर ओंजळभर टोप्या मागून नेल्या. प्रत्येक कॅमेऱ्याचं भोक थोडं वेगळं असे. वत्सला ते बघायची, नळीचा जाड किंवा बारीक तुकडा निवडायची आणि प्रत्येकाला एकच सांगायची, “वापरून बघा आणि आठवड्याने सांगा, दोरा तुटला का.” दोरा कुणाचा तुटला नाही.

आणि ती स्वतः फोटो काढू लागली. विजेच्या कामावर मजुरांना फोटो लावलेला पास लागे. बाया कमलाकांतसमोर तोंडावरचा पदर वर करेनात. मग आठवड्यातून दोन दिवस वत्सला सरावलीला जाऊ लागली, तिथल्या मजुरांच्या वस्तीत. ठेकेदाराने पत्र्याच्या एका खोलीत पांढरी चादर टांगून खुर्ची ठेवली होती.

१९६७ च्या थंडीत तिथे जमुना आली. डोंगरपट्टीतली, विशीतली बाई. भातकापणी संपवून नवऱ्याबरोबर, सुकाबरोबर, कामाला उतरलेली. तिचा फोटो दोनदा वाया गेला होता. फ्लॅश पेटायच्या आधीच ती डोळे गच्च मिटून घ्यायची, दुसऱ्यांदा तर दोन्ही हातांनी तोंड झाकून खाली बसली. ठेकेदाराचा कारकून वैतागून म्हणाला, फोटो नाही तर पास नाही, उद्यापासून येऊ नकोस. सुका बाहेर उभा होता. तो आत डोकावून म्हणाला, “बस ना गं सरळ.”

“तुम्ही जरा बाहेर थांबा,” वत्सला त्याला म्हणाली. मग खुर्चीजवळ खाली बसली. “उजेडाचं भ्या वाटतं काय गं?”

जमुनाने मान हलवली. मग हळू म्हणाली, “माझी बहीन व्हती. मंगळी. लावनी करत व्हतो आमी दोघी. तिच्या अंगावर ईज पडली. मी हात पुढं केला तर पोचंल एवढ्यावर व्हती ती.”

वत्सलाने फ्लॅशची वायर ओढून काढली, फ्लॅश पिशवीत घातला आणि पिशवीचं तोंड बांधलं. मग कॅमेरा जमुनाच्या डोळ्यांसमोर धरला आणि लोंबणारी टोपी तिच्या हातात दिली.

“ह्या भोकातून ती ईज पेटते. आता तूच बंद कर.”

जमुनाने टोपी धरली. बोटं कामाने जाड झालेली. एकदा निसटली, दोऱ्यावर लोंबली. दुसऱ्यांदा तिने ती भोकावर बसवली आणि अंगठ्याने दाबून धरली.

“आता नाय पेटायची?”

“टोपी असंपर्यंत नाय.”

वत्सलाने खुर्ची उचलून बाहेर आंब्याखाली नेली. चादर सुकाच्या हातात देऊन त्याला खुर्चीमागे उभं केलं. जमुना बसली. तिने आधी कॅमेऱ्याच्या अंगाकडे पाहिलं, टोपी जागेवर आहे ना ते, आणि मग समोर. मागे सुकाला चादर नीट धरता येत नव्हती, त्याच्या डोक्यावरच ती पडत होती. जमुनाने वळून पाहिलं आणि हसली. हसू पूर्ण मावळायच्या आत वत्सलाने बटण दाबलं.

तीन दिवसांनी ती फोटो घेऊन गेली. एक कारकुनाने पासाला चिकटवला. तिने जास्तीचा एक छापला होता, तो जमुनाच्या हातात दिला.

जमुनाने तो जवळ घेतला, लांब धरला. घरात आरसा होता तो रुपयाएवढा. त्यात कपाळ दिसलं तर हनुवटी दिसत नसे. तिने फोटोतल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं.

“बाय,” ती म्हणाली, “ही तर मंगळी हाय.”

सुका जवळ आला. त्याने फोटो पाहिला, बायकोचा चेहरा पाहिला. “तुमी दोघी सारख्याच व्हत्या,” तो म्हणाला. “लई सारख्या.”

जमुनाने पदराच्या टोकाने फोटो पुसला, परत पाहिला. सकाळच्या पाळीचा भोंगा झाला तशी ती उठली. फोटो तिने पदरात गुंडाळून कमरेला खोचला, दोनदा चाचपून पाहिला, आणि इतर बायांच्या रांगेत जाऊन उभी राहिली.